सोन्याने मढवलेली बाई आणि तिचे हात



सजावटी स्त्रीचित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चित्रकार दलाल-मुळगावकरांची दिवाळी अंकांवरची मुखपृष्ठं येतात. त्या चित्रांतली बाई देखणी असते. ती कोण, हे विचारायचं मात्र आपल्याला सुचत नाही. जाणकारांचा सजावटीवरचा आक्षेप नेमका हाच आहे : नक्षी वाढली की माणूस हरवतो. आज या आक्षेपाची उलटतपासणी करू. साक्षीला व्हिएन्नाचा चित्रकार गुस्ताव क्लिम्ट.

क्लिम्ट १८६२ साली जन्मला. वडील सोन्यावर कोरीवकाम करणारे कारागीर. त्याचं स्वतःचं शिक्षणही कारागिरीच्या कलाशाळेत झालं आणि सुरुवातीला नाट्यगृहांची छतं-भिंती रंगवून तो पोट भरत होता. म्हणजे सजावट हा त्याचा मूळ धंदाच. १९०३मध्ये त्याने इटलीत राव्हेन्नाला जाऊन तिथली बायझंटाइन मोझेक चित्रं पाहिली. त्याच वर्षी साखर कारखानदार फर्डिनांड ब्लॉख यांनी आपल्या पत्नीचं, आदेलचं, व्यक्तिचित्र त्याला काढायला सांगितलं. ते पुरं व्हायला १९०७ साल उजाडलं. तेच आता पडद्यावर दिसतं आहे.

मूळ चित्र चौरस आहे, बाजू सुमारे १४० सेंटिमीटर. तैलरंगाच्या जोडीला सोन्याचा नि चांदीचा वर्ख. आदेल बसली आहे की उभी, सांगता येतं का पाहा. खुर्ची कुठे संपते आणि झगा कुठे सुरू होतो, तेही कळत नाही. झग्यावर त्रिकोण, त्रिकोणांत डोळे, कडेने वेटोळी. काही ठिकाणी नक्षी लेपाने उठावदार केली आहे. तिच्या नावाची आद्याक्षरंही त्या नक्षीतच मिसळली आहेत.

आता सोनं सोडा आणि त्वचा शोधा. चेहरा, गळा-खांदे आणि हात, एवढीच जागा उरते. सोनं सपाट आहे. त्यात ना छाया, ना खोली. त्वचेत मात्र छायाप्रकाश आहे, किंचित निळसर झाक आहे, ओठ जरासे विलगलेले आहेत. धातूच्या एवढ्या पसाऱ्यात तेवढंच काय ते जिवंत. सगळीकडे त्वचाच दिसली असती, तर तिचा नाजूकपणा असा डोळ्यांत भरला नसता. क्लिम्टने सजावटीने बाई झाकली नाही. ती किती उघडी आहे हे सजावटीनेच दाखवलं.

हात बघा. छातीशी आणून एकमेकांत गुंतवलेले, मनगट अवघडून वळलेलं. आदेलच्या उजव्या हाताचं एक बोट अधू होतं आणि ती ते लपवायची, असं सांगतात. ही गोष्ट बाजूला ठेवली तरी हातांतला ताण लपत नाही. श्रीमंत घरची, विद्वान-कलावंतांची बैठक भरवणारी ही स्त्री. पोटी आलेलं मूल मात्र जगलं नाही. चित्रात अश्रू नाहीत, उसासा नाही. जे आहे ते त्या बोटांत आहे.

कोणी म्हणेल, पैसे नवऱ्याने मोजले, चित्र पुरुषाने काढलं. मग हे सोनं म्हणजे ऐश्वर्याचं प्रदर्शन आणि बाईचा पिंजरा नव्हे का? आहेच. पण पिंजरा दिसतो, कारण आत कोणीतरी आहे. आणि ती सरळ आपल्याकडे पाहते आहे. १९१२मध्ये क्लिम्टने आदेलला पुन्हा रंगवलं, तेव्हा सोनं टाकून दिलं होतं.

माणूस हरवला तो नंतर, आणि चित्रकाराच्या हातून नव्हे. आदेल १९२५मध्ये वारली. कुटुंब ज्यू होतं. १९३८नंतर नाझींनी मालमत्ता बळकावली. पुढे हे चित्र मांडलं गेलं ते तिचं नाव गाळून, सोनेरी पार्श्वभूमीवरची कुणी एक स्त्री म्हणून. चित्रातला एक ठिपकाही बदलला नव्हता, तरी आदेलची शोभेची बाहुली झाली. तिची भाची मारिया आल्टमान अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली, तेव्हा कुठे २००६मध्ये चित्र वारसांना परत मिळालं. आज ते न्यूयॉर्कच्या नॉये गॅलरीत आहे, आदेलच्या नावानिशी.

समोर कलाशाळांतली मुलं-मुली बसली आहेत, म्हणून शेवटी दोन शब्द. फुलापानांत, वर्खात स्त्रीचा चेहरा बसवण्याची हौस सध्या पुष्कळांना आहे. हौस वाईट नाही. पण क्लिम्टने या एका चित्रासाठी आदेलची शंभरावर रेखाटनं केली होती. सोनं आलं ते त्यानंतर. तुम्हीही आधी बाईसमोर बसा. ती हात कुठे ठेवते, मान कधी वळवते, काय झाकू पाहते, ते कागदावर उतरू द्या आणि मगच वर्खाची पुडी उघडा. आणि चित्राखाली तिचं नाव लिहायला विसरू नका.