घर गावात, बिऱ्हाड फडात
(बीड येथील शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बेघर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा फुटपाथ येतो. बीड जिल्ह्यातील बेघरपण मात्र जिल्ह्यात दिसत नाही. ते दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाऊन उसाच्या फडाशेजारी वस्ती करते. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे, म्हणजे एक ‘कोयता’, पाच-सहा महिने कोपीत संसार मांडते. तिला धड दार नसते, पुष्कळदा वीज वा शौचालयही नसते. तरीही गावात घर आहे म्हणून या कुटुंबाला बेघर कोणी म्हणत नाही.

घरकुल योजनांचे मोल मी कमी लेखत नाही. 1985 साली इंदिरा आवास योजना आली. 2016 साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली आणि सपाट प्रदेशात 25 चौरस मीटरच्या घरासाठी 1 लाख 20 हजार रुपयांचे साहाय्य ठरले. परंतु हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतात आणि बांधकामाचा हंगाम तोच ऊसतोडीचा हंगाम. मजूर परततो तेव्हा उन्हाळा असतो. जेथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे नव्या भिंतीवर मारायला पाणी कोठून आणावे? भूमिहीनाला तर आधी जागाच हवी.

दुसरा प्रश्न कामाच्या ठिकाणच्या निवाऱ्याचा. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने राहण्याच्या सोयीची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती, पण ती राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरतीच. बेळगावला गेलेला मजूर त्यात बसे, कोल्हापूरला गेलेला बसत नसे. 2020 साली केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली, ती शहरी स्थलांतरितांसाठी. उसाचा फड शहरात नसतो.

वस्तुतः मजुराचा निवारा हा उत्पादनखर्चाचाच भाग आहे. तो कारखान्याने सोसला नाही, तर मजूर सोसतो. लेकरांच्या बुडालेल्या शाळेने आणि बायकांच्या ढासळलेल्या प्रकृतीने. 1920 नंतर परकीय सरकारने मुंबईत कामगारांसाठी बी. डी. डी. चाळी बांधल्या, तेव्हा त्यासाठी कापसाच्या गाठीमागे 1 रुपया कर बसवला होता. खोल्या कोंदट होत्या; तथापि ज्या मालावर नफा होतो त्याने मजुराच्या छपराचा भार उचलावा, हे तत्त्व मान्य झाले होते. आता गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांकडून 10 रुपये घेण्याचे धोरण आहे. त्यातील ठरावीक हिस्सा कारखान्याच्या परिसरात पक्के निवारे, नळ आणि शौचालये यांसाठी राखून ठेवावा. गावातील घरकुलाची मंजुरी जूनपूर्वी मिळावी, म्हणजे मजूर गावात आणि पाणी विहिरीत असताना भिंती उभ्या राहतील.

निवाऱ्याची किंमत कोणीतरी मोजतेच. साखरेचा दर ठरवताना ती हिशेबात धरा, एवढेच आपले मागणे आहे.