वेदनेला वाली कोण?

(सारसोळे येथे कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)



सारसोळे हे खाडीकाठचे जुने गाव. सिडकोचे शहर १९७० नंतर उभे राहिले. गाव त्याच्या कितीतरी आधीचे. येथील माणसाच्या शरीराचा हिशेब श्रमाच्या भाषेतच मांडावा लागतो. चिखलात उतरून जाळे ओढणाऱ्याची कंबर, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या कोळणीची मान आणि गुडघे, बांधकामावर ओझी वाहणाऱ्याचा खांदा, ही सारी कष्टाने दिलेली दुखणी. त्यांच्याबरोबरच, कोणत्याही गावात असतो तसा, एखाद्या घरात कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्ण कण्हत पडलेला असतो. दोन्ही दुखण्यांना शब्द एकच, पण उपाय एक नाही. आजची विपरीत स्थिती अशी की, ज्याला अफूजन्य औषधाची खरी गरज आहे त्याला ते मिळत नाही, आणि ज्याला त्याची गरज नाही त्याच्या हाती त्याची चिठ्ठी सहज पडते.

पहिला प्रश्न कर्करोगाच्या रुग्णाचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगून ठेवले की, औषध शक्यतो तोंडाने द्यावे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे द्यावे आणि पायरीपायरीने वाढवावे. या पद्धतीने बहुसंख्य रुग्णांची वेदना आटोक्यात येते. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. साधी मॉर्फिनची गोळी महाग नाही. परंतु त्याच सुमारास, म्हणजे नोव्हेंबर १९८५ मध्ये, आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. त्याचा हेतू तस्करांना जरब बसवण्याचा होता. जरब बसली ती मात्र डॉक्टर, औषधविक्रेते आणि रुग्णालये यांना. किरकोळ कारकुनी चुकीलाही कठोर शिक्षेची भीती आणि वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने, यांमुळे मॉर्फिन ठेवणेच बंद झाले. देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७ पर्यंत वर्षाला अवघ्या १८ किलोवर आला.

यातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर मुंबईतील पेढ्या गबर झाल्या. आजही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथील शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात; नीमच आणि गाझीपूर येथे सरकारचे कारखाने आहेत आणि माल परदेशी जातो. तरी ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार या देशातील वेदनाशमनाची अवघी सुमारे ४ टक्के गरज भागत होती. पीक आपले, वेदनाही आपली. मध्ये उभी आहे ती व्यवस्था.

संसदेने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसह सहा औषधे आवश्यक गुंगीकारक औषधे ठरली. अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. अट एवढीच की, संस्थेत प्रशिक्षित डॉक्टर असावा आणि साठ्याची नोंद चोख असावी. कायदा बदलला, पण मनातील वचक तसाच राहिला. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. सारसोळ्याहून ती फार दूर नाही. परंतु अंथरुणावरून उठू न शकणाऱ्याला ते अंतर शंभर कोसांचे असते. गोळ्या रात्री संपल्या तर त्याने जायचे कोठे?

दुसरा प्रश्न कंबरदुखीचा. येथे बाजाराचे राज्य चालते. थकलेल्या मजुराला दुसऱ्या दिवशी कामावर जायचेच असते. खाडा म्हणजे चूल बंद. म्हणून तो ‘जोरात’ औषध मागतो आणि ट्रामाडोलसारखी गोळी त्याला दिली जाते. हे औषध २०१८ पर्यंत अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेबाहेरच होते. वस्तुतः कंबरेच्या आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यावर अफूजन्य औषधे साध्या औषधांहून सरस ठरत नाहीत, हे अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीने दाखवले. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत ती निष्क्रिय गोळीहूनही सरस नाहीत, हे २०२३ साली ऑस्ट्रेलियातील चाचणीत दिसले. हालचाल, व्यायाम, शेक आणि ओझे उचलण्याची योग्य पद्धत हे खरे उपाय. त्यांत नफा नाही, म्हणून त्यांचा प्रचारही नाही.

नफ्याच्या हाती हा विषय गेला की काय होते, ते अमेरिकेने भोगले. पर्ड्यू फार्मा कंपनीने १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले आणि व्यसनाचा धोका क्षुल्लक असल्याचा प्रचार केला. कंपनीने २००७ आणि २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. गोळ्यांची सवय लागलेले अनेकजण पुढे हेरॉइनकडे व चोरट्या फेंटॅनिलकडे वळले. २०२१ या एका वर्षात अफूजन्य द्रव्यांच्या अतिमात्रेने तेथे ८०,००० हून अधिक माणसे मेली. म्हणून केवळ ‘मॉर्फिन खुले करा’ ही घोषणा अपुरी आहे.

पोलिसी वचक आणि मोकाट बाजार या दोहोंना उत्तर एकच, ते म्हणजे सक्षम प्राथमिक आरोग्यसेवा. तेथील डॉक्टरने आधी दुखण्याचे कारण शोधावे. मॉर्फिन देताना अल्प मात्रेने आरंभ करावा, पहिल्या दिवसापासून शौचाला साफ होण्याचे औषध जोडावे, मूत्रपिंडाचा विकार आहे का ते पाहावे. दारू व झोपेच्या गोळ्या यांच्यासोबत हे औषध श्वास थांबवू शकते, हे घरच्यांना समजावून सांगावे. ठराविक दिवसांनी तपासणी व्हावी, गोळ्या कुलपात राहाव्यात आणि उरलेल्या परत घेतल्या जाव्यात. हे अवघड नाही. कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या कामातून केरळने २००८ मध्ये या सेवेचे राज्य धोरण आखले. तेथे पंचायती, परिचारिका आणि स्वयंसेवक रुग्णाच्या घरी पोचतात.

कार्यकर्त्यांनी मोर्चाची वाट पाहू नये. आपल्या विभागातील नागरी आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे: येथे मॉर्फिनची गोळी मिळते का? मिळत नसेल तर मान्यतेसाठी अर्ज केला आहे का? येथील डॉक्टर व परिचारिका यांना प्रशिक्षण कधी मिळणार? घरी जाऊन रुग्ण पाहण्याची सोय आहे का? उत्तरे लेखी घ्यावीत आणि नगरसेवकासमोर ठेवावीत. रुग्ण स्वतः येऊन हे विचारू शकणार नाही. ज्याच्या अंगात कण्हण्यापुरतेच त्राण उरले आहे, त्याच्या वतीने बोलणे हेही चळवळीचेच काम आहे.