बोट उचललं की गाडा सरकतो



आमचं गाव जळगाव जामोद. बुलडाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेलं. नुसतं जळगाव म्हटलं की लोकांना खानदेशातलं, केळीचं आणि सोन्याचं जळगाव आठवतं. म्हणून आम्हाला पत्त्यात 'जामोद' लिहावंच लागतं. तो एक शब्द गळला, तर पत्र दुसऱ्याच जिल्ह्यात जाऊन पडतं. आज मी जी गोष्ट सांगणार आहे, ती शब्द गळल्याची नाही. अर्धं अक्षर गळल्याची आहे. ते अक्षर माझ्याच हातून गळलं. आणि ते कसं गळलं हे समजून घ्यायचं, तर टाईपरायटरचा गाडा एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर कसा जातो, हे आधी समजून घ्यावं लागेल.

मी बी.ए. झालो ते 1990 साल. नोकरीच्या जाहिरातीत 'मराठी टंकलेखन ताशी' नव्हे, 'मिनिटाला तीस शब्द' अशी अट हमखास असायची. म्हणून मी टायपिंगच्या क्लासला जाऊ लागलो. एका लांबट खोलीत दहा-बारा मशीनी, आणि सगळ्यांची मिळून पत्र्यावर गारा पडल्यासारखी टकटक. तीसची परीक्षा मी पास झालो, मग चाळीसचीही. नोकरी काही लागली नाही. तेव्हा एक जुनी मराठी मशीन हप्त्यानं घेतली, कचेरीजवळ लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकलं आणि लोकांचे अर्ज, दाखल्यांचे मसुदे, प्रतिज्ञापत्रं टाईप करून देऊ लागलो. कविता लिहायचो त्या रात्री, हातानं. पोट चालायचं ते दिवसाच्या टकटकीवर.

टाईपरायटरवर कागद ज्या रोलरवर चढवतात, तो रोलर ज्या चौकटीत बसलेला असतो, तिला इंग्रजीत कॅरेज म्हणतात. आम्ही म्हणायचो गाडा. बटन दाबलं की खिळा उडून रिबिनीवर आपटतो आणि अक्षर उमटतं. मग गाडा एक घर डावीकडे सरकतो आणि पुढच्या अक्षरासाठी कोरी जागा समोर येते. इंग्रजीच्या पायका मशीनवर एका इंचात दहा अक्षरं बसतात. म्हणजे गाड्याचं एक पाऊल अडीच मिलिमीटरचं. चार वर्षं मी त्या गाड्यावर पोट भरलं, पण तो चालतो कसा, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, आपण बटन दाबतो त्याच जोरानं तो ढकलला जात असेल.

माझा हा समज खामगावहून येणाऱ्या एका मिस्त्रीकाकांनी मोडला. ते दोन-तीन महिन्यांनी यष्टीनं यायचे. हातात पत्र्याची पेटी, पेटीत बारीक पेचकस, रॉकेलची बाटली आणि जुना दाढीचा ब्रश. एकदा त्यांनी माझी मशीन उलटी करून मला खाली वाकायला लावलं.

"लेका, बटन दाबून गाडा ढकलता येत नाई," ते म्हणाले. "त्याले स्प्रिंग ओढून राह्यली ना. तो तं पळाच्या तयारीतच असते. आपलं काम त्याले अडवाचं."

मग त्यांनी दाखवलं. मशीनच्या एका बाजूला डबीत गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिला जोडलेला पट्टा गाड्याला सारखा डावीकडे ओढत असतो. ओळ संपल्यावर आपण दांडी ढकलून गाडा उजवीकडे आणतो, तेव्हा रोलर एक ओळ वर फिरतो आणि स्प्रिंगलाही पुन्हा चावी बसते. म्हणजे पुढच्या अख्ख्या ओळीची ताकद आपण त्या एका ढकलण्यात भरून ठेवतो. गाड्याच्या खाली एक दातेरी पट्टी असते. ती एका लहान चाकात अडकलेली असते आणि त्या चाकाच्याच दांड्यावर टोकदार दात्यांचं दुसरं चाक असतं. त्याला स्टार व्हील म्हणतात. या चाकाला मोकळं सोडलं, तर गाडा एका दमात डावीकडच्या टोकाला जाऊन धडकेल. तसं होऊ नये म्हणून चाकाच्या दात्यांवर दोन लहान पोलादी खिट्ट्या राखणीला बसवलेल्या असतात. इंग्रजीत त्यांना डॉग म्हणतात. मिस्त्रीकाका सरळ म्हणायचे, "हे दोन कुत्रे."

एक कुत्रा घट्ट बसवलेला, दुसरा थोडा सैल. एरवी सैल कुत्रा दात्यात अडकून चाक धरून ठेवतो. बटन दाबलं, खिळा कागदाजवळ पोचला, की वाटेत तो एका आडव्या पट्टीला धक्का देतो. त्या धक्क्यानं सैल कुत्रा दात्यातून बाहेर येतो आणि त्याच क्षणी घट्ट कुत्रा आत शिरून चाक धरतो. सुटलेला सैल कुत्रा आपल्या बारीक स्प्रिंगनं पुढच्या दात्यासमोर जाऊन उभा राहतो. अक्षर उमटत असतं तेव्हा गाडा जवळजवळ स्थिर असतो, म्हणून तर ते स्वच्छ उमटतं. मग आपण बोट उचलतो. घट्ट कुत्रा मागे येतो, चाक सुटतं, आणि ते पळण्याआधीच सैल कुत्रा त्याला पुढच्या दात्यावर पकडतो. चाक एक दाता फिरलं, गाडा एक घर सरकला.

"समजलं का?" काका म्हणाले. "गाडा दाबल्यावर नाई सरकत. सोडल्यावर सरकते."

पुढे वाचनात आलं, की ही युक्ती मुळात घड्याळाची. घड्याळातही स्प्रिंग किंवा वजन चाकाला सारखं ओढत असतं आणि एक खिट्टी त्याला एकेक दाताच पुढे जाऊ देते. टिकटिक होते ती त्याचीच. अमेरिकेत मिलवॉकी शहरात क्रिस्टोफर शोल्स आणि त्यांचे सोबती टाईपरायटर घडवत होते, तेव्हा मशीनवर काम करणाऱ्या कारागिरांत मॅथियास श्वालबाख नावाचा एक घड्याळजी होता. 1874 साली रेमिंग्टन कंपनीनं ते यंत्र बाजारात आणलं. ही कंपनी शिलाई मशीनही बनवायची, म्हणून त्या पहिल्या टाईपरायटरचा गाडा मागे आणायला शिलाई मशीनसारखं पायटं होतं. आपल्या देशात 1955 साली मुंबईच्या गोदरेज अँड बॉइसनं पहिला देशी टाईपरायटर तयार केला. कुत्रे आणि दातेरी चाक यांचा खेळ सगळीकडे तोच.

मराठीच्या मशीनला मात्र इंग्रजीपेक्षा जास्त विचार करावा लागतो. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक घर. आपल्याकडे मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसते, उकार पायाशी बसतो. त्यांना वेगळं घर दिलं तर शब्द विस्कटेल. म्हणून मराठी मशीनवर काही बटनं अशी असतात, की ती दाबली तर चिन्ह उमटतं पण गाडा जागचा हलत नाही. त्यांचा खिळा त्या आडव्या पट्टीला शिवतच नाही, कुत्र्यांना पत्ताच लागत नाही. क्लासमध्ये त्यांना 'डेड की' म्हणत. मेलेलं बटन! पण मराठीचा अर्धा जीव त्याच बटनांत होता. दुसरी गंमत अर्ध्या अक्षरांची. ध, भ, श, ण यांसारखी अक्षरं दोन ठोक्यांत पुरी व्हायची. आधी अर्धं अक्षर, मग काना. आणि ऱ्हस्व वेलांटी आपण बोलताना नंतर उच्चारतो, पण मशीनवर ती आधी मारावी लागे, कारण कागदावर ती आधी येते.

आमच्या घरात याच्याही उलट कारभार होता. अब्बा उर्दू शाळेत शिकलेले. त्यांचं लिहिणं-वाचणं उजवीकडून डावीकडे. त्या लिपीच्या टाईपरायटरचा गाडाही उलट, डावीकडून उजवीकडे चालतो. स्प्रिंग तीच, कुत्रे तेच, फक्त ओढ दुसऱ्या दिशेची. मी मराठीत कविता लिहितो याचं अब्बांना कौतुक होतं. पण त्या कविता मी वाचून दाखवल्या तरच त्यांना कळायच्या. मराठी ते फर्डं बोलत, वाचता येत नसे.

आता त्यांच्या नावाकडे येतो. जब्बार, सत्तार, गफ्फार, रज्जाक अशी नावं तुम्ही ऐकली असतील. या सगळ्यांत एक अक्षर दुहेरी आहे. अब्बांचं नाव याच ओळीतलं. समजायला सोपं जावं म्हणून आपण 'जब्बार' धरू. उर्दूत हा 'ब' एकदाच लिहितात आणि वर तश्दीदची बारीक खूण देतात. घाईत ती खूणही कोणी देत नाही. वाचणारा ओळखीचा असतो, तो बरोबर वाचतो. मराठीत मात्र अर्धा ब आणि पुरा ब, दोन्ही लिहावे लागतात.

1994 साली अब्बा आणि चाचा यांच्यात शेतीची वाटणी झाली. कोरडवाहू जमीन, डोंगराकडच्या अंगाची. फेरफाराचा अर्ज द्यायचा होता. घरचा टायपिस्ट मीच. कापसाचा हंगाम होता आणि टेबलासमोर गिऱ्हाइकांची रांग होती. त्या दिवसांत कापसाचं तूस सगळीकडे उडायचं. ते मशीनच्या जुन्या तेलात बसून त्याचा चिकट गोळा व्हायचा. गाडा आळशी झाला होता. दर शे-दोनशे ठोक्यांत एकदा तो जागीच राही आणि अक्षरावर अक्षर चढे. मिस्त्रीकाका दिवाळीनंतर येणार होते. मी म्हटलं, तोवर चालतंय तसं चालू दे.

अब्बांच्या नावापाशी मी अर्धा ब मारला, मग पुरा ब मारला. मधे गाडा सरकला नाही. दुसरी कुठली दोन अक्षरं असती, तर कागदावर काळा डाग दिसला असता, मी खोडलं असतं. पण अर्धा ब म्हणजे दांडी नसलेला ब. पुरा ब त्याच्यावर बसला आणि अर्धा त्याच्या पोटात गडप झाला. उरला एकच ब, जरासा गडद.

कागद काढून मी अब्बांपुढे धरला. त्यांनी विचारलं, "सब बराबर है ना?" मी रांगेकडे बघत म्हणालो, "हो, बरोबर आहे." वाचून पाहिलं नव्हतं. त्यांनी उर्दूत सही केली.

सातबाऱ्यावर अब्बा 'जबार' झाले. यात कचेरीची काही चूक नव्हती. कागदावर दिसलं ते त्यांनी लिहिलं. अब्बा होते तोवर कुणाचं अडलं नाही, गावात त्यांना सगळे ओळखत होते. 2009 साली ते गेले. वारसाची नोंद करायला आम्ही भाऊ-बहिणी कागद घेऊन गेलो. मृत्यूच्या दाखल्यावर दोन ब, सातबाऱ्यावर एक. समोरच्या साहेबांनी सभ्यपणे विचारलं, "भाऊ, गेले ते कोण, आणि जमीन कोणाची?"

वडिलांना माती देऊन चाळीस दिवस झाले नव्हते, आणि मी शोधत होतो दोन नावांचा माणूस एकच होता याचा पुरावा. शाळेचा जुना दाखला, रेशनकार्ड, मतदार यादी, स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार. अशा लेखनाच्या चुकांसाठी 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 155 आहे. त्याखाली अर्ज केला. मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लिहिलेली वाक्यं या वेळी स्वतःसाठी लिहिली : 'सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ते माझे वडील होत.' दुरुस्ती व्हायला वर्षाच्या वर काळ गेला. त्या काळात धाकट्या बहिणीनं एकदाच विचारलं, "भाईजान, अर्ज कोणी टाईप केला होता?" मी सांगितलं. ती पुढे काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आता तो काळ सरला. गोदरेजनं 2009 च्या सुमारास टाईपरायटर बनवणं थांबवलं. राज्यात यंत्रावरची शेवटची टंकलेखन परीक्षा ऑगस्ट 2017 मध्ये झाली. आता सगळं संगणकावर, मोबाइलवर. तिथे गाडा नाही, कुत्रे नाहीत, एक अक्षर दुसऱ्याच्या पोटात लपत नाही. पण घाई आहेच. आधार कार्डावर एक नाव, बँकेत दुसरं, शाळेत तिसरं, असे लोक मला दर आठवड्याला भेटतात. कविसंमेलनात माझ्या नावाचं काय होतं, ते तर विचारूच नका! म्हणून कुणाचंही नाव लिहायचं असलं, की मी त्यांना ते मोठ्यानं उच्चारायला सांगतो, लिहितो आणि परत वाचून दाखवतो. लोक हसतात. हसू देत.

माझी मशीन अजून घरी आहे. स्प्रिंग ताणलेली आहे, साफ केली तर गाडा अजूनही सरकेल. आणि त्या अर्जाची कार्बन कॉपीही आहे. 2010 साली ती ट्रंकेत सापडली. समोरून पाहिलं तर काहीच कळत नाही, एक ब जरा काळा दिसतो इतकंच. पण कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं, की कळतं. बाकीच्या अक्षरांचे ठसे उथळ आहेत. त्या एका जागी मात्र बोट थोडं जास्त आत जातं. अब्बांचा अर्धा ब तिथेच आहे.