पहिल्या पगारातली कपात



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या हाती लवकरच पहिल्या पगाराची स्लिप पडेल. नेमणूकपत्रातला आकडा आणि बँकेत जमा झालेला आकडा जुळणार नाही, आणि नजर ‘पीएफ’च्या रकान्यावर थांबेल. पगारपत्रकं करण्यात माझं आयुष्य गेलं. नव्याने लागलेली मुलं टेबलाशी येऊन हमखास विचारायची, ‘ही कपात बंद नाही का करता येणार?’ आज त्याच रकान्याबद्दल बोलायचं आहे.

मूळ पगार १५,००० रुपये धरू. त्यातले १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये तुमचे कापले जातात. मालकालाही तेवढेच भरावे लागतात. त्याच्या वाट्यातले १,२५० निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि उरलेले ५५० तुमच्या भविष्य निर्वाह निधीत, म्हणजेच पीएफमध्ये. म्हणजे निधीत दरमहा २,३५० रुपये. २०२४-२५ साठी व्याजदर ८.२५ टक्के होता. तो दरवर्षी नव्याने ठरतो. पण हिशेबापुरता तोच धरा आणि पगारही वाढवू नका. बाविसाव्या वर्षी लागून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालात, तर एकूण भरणा होतो सुमारे १० लाख आणि खात्यात असतात ५८ लाखांच्या आसपास. महागाईमुळे तेव्हाच्या ५८ लाखांना आजची किंमत नसेल, हे खरंच. पण याच हिशेबातली पहिली दहा वर्षं काढून टाका. आकडा २४ लाखांवर येतो. त्या दहा वर्षांत भरलेले असतात फक्त २,८२,००० रुपये.

म्हणून नोकरी बदलताना पीएफ काढून घेण्याची जी सवय पडली आहे, तिची मला फार काळजी वाटते. मोटारसायकल येते, घरात मोठा टीव्ही येतो आणि खातं पुन्हा शून्यापासून सुरू होतं. घरात आजारपण आलं, नोकरी गेली, तर जरूर काढा. पैसा तुमचाच आहे. एरवी मात्र जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वळती करून घ्या. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला यूएएन हा बारा आकडी कायमचा क्रमांक मिळतो आणि कंपनी बदलली तरी तो बदलत नाही. रक्कम वळती केली की मागची नोकरीही मोजली जाते. सलग पाच वर्षं भरण्याआधी पैसे काढले तर त्यावर कर लागू शकतो, आणि निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. तीन-चार नोकऱ्यांत दरवेळी सगळं उचलणाऱ्या माणसाची ही दहा वर्षं कधी भरतच नाहीत.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी सेवेत आलेले कर्मचारी ठरलेल्या रकमेच्या जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये संपावर गेले होते. म्हातारपणी दरमहा काही ठरलेलं हाती येणं याचं मोल त्यांना ठाऊक होतं. तुमच्यातले कितीतरी जण मात्र पीएफ नसलेली कामं करतील: स्वतंत्र व्यवसाय, छोटी दुकानं, ॲपवरची डिलिव्हरी. त्यांच्यासाठी कुणी कापून ठेवणार नाही. पोस्टात पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडा. ते १५ वर्षांचं असतं आणि वर्षाला ५०० रुपये भरले तरी चालू राहतं. राष्ट्रीय पेन्शन योजनाही २००९ पासून सर्वांना खुली आहे. तिच्यातला पैसा शेअर बाजारातही जातो, तेव्हा परतावा ठरलेला नसतो हे समजून घ्या.

शेवटची गोष्ट नॉमिनीची. कर्मचारी गेल्यावर त्याची पत्नी आमच्या कार्यालयात कागद घेऊन यायची. खात्यात वारसाचं नाव नसायचं, आधारवर आडनाव एक आणि कंपनीच्या नोंदीत दुसरं. पैसे होते, पण ते मिळेपर्यंत त्या बाईने मुलांच्या फीसाठी दागिने मोडलेले असायचे. लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरतं, ते पुन्हा करावं लागतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं. आता हे काम मोबाइलवर, आधारच्या ओटीपीने होतं. पहिला पगार झाला की त्याच आठवड्यात ते करा, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते तपासा आणि तुमचा यूएएन घरच्यांना लिहून द्या.