मोटारीचें अडकलेलें चक्र

भंडारा जिल्ह्यांत बैलगाडीच्या चाकास धाव चढवितांना ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस धातूचा स्वभाव निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. लोहार धाव मुद्दाम चाकापेक्षां किंचित् लहान करी. गोवऱ्यांच्या विस्तवांत ती लाल होऊन वाढली, कीं सांडशांनीं उचलून तो ती चाकावर बसवी आणि लगेच वर पाण्याचे घडे ओती. थंड होतांना धाव आवळे, आणि आरे, पाटे व तुंबा एकजीव होऊन जात. बसवितांना उष्णता लागली, तशी काढतांनाहि उष्णताच कामास येई. नुसत्या घणानें ती काढूं पाहणाऱ्याच्या हातीं फुटलेलें चाक राही.

मोटारींतहि असें एक चाक आहे. पण तें रस्त्यावर न फिरतां चालकाच्या हातांत फिरतें. त्यास कोणी स्टिअरिंग म्हणतात, कोणी नुसतें चक्र म्हणतात. हें चक्र एका पोलादी दांड्याच्या टोकावर बसविलेलें असतें. दांड्याच्या टोकास उभे बारीक दांते कापलेले असतात, तसेच दांते चक्राच्या भोंकाच्या आंतल्या अंगास असतात. ते एकमेकांत बसतात आणि वरून एक नट आवळला जातो. कित्येक गाड्यांत हें टोक निमुळतें असल्यामुळें नट जितका आवळावा तितकें चक्र पाचरीसारखें घट्ट होतें. कारखान्यांतून आलेल्या चक्राची गोष्ट येथेंच संपते. हौसेखातर बाजारांतलें चक्र बसविलें म्हणजे मात्र मध्यें एक तिसरा येतो. तो म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमचा ओतीव तुंबा. खालच्या अंगानें तो दांड्याच्या दांत्यांवर बसतो आणि वरच्या अंगास सहा बारीक बोल्टांनीं नवें चक्र धरतो. या सहा बोल्टांचें वर्तुळ कधीं 70, तर कधीं 74 मिलिमीटर व्यासाचें असतें; एकाचें चक्र दुसऱ्याच्या तुंब्यावर ओढूनताणून बसविणारे महाभागहि भेटतात.

तुमसर तालुक्यांतील एका तरुणानें अशीच एक जुनी मोटार विकत घेतली. पूर्वीच्या मालकानें तिला लहान व्यासाचें, कातड्यानें मढविलेलें शोभिवंत चक्र बसविलें होतें. पावसाळाभर गाडी आंब्याखालीं उघड्यावर उभी राहिली. एका बाजूची कांचहि पुरती चढत नव्हती. दिवाळीच्या सुमारास घरच्या चार माणसांना घेऊन तो भंडाऱ्यास निघाला असतां एका वळणावर त्याच्या ध्यानांत आलें कीं, हातांतलें चक्र अर्ध्या बोटाइतकें फिरतें, पण पुढचीं चाकें वळत नाहींत. पुढें राष्ट्रीय महामार्ग 53 वरच्या मालमोटारींची रांग होती. त्यानें गाडी तेथूनच परत फिरविली, आणि अगदीं सावकाश चालवीत घरीं आणून लावली. मागें बसलेल्या आईस त्यानें कांहींच सांगितलें नाहीं.

घरीं येऊन पाहतो तों चक्र व तुंबा यांना जोडणारे बोल्ट ढिले झालेले. सहांपैकीं दोघांचे तुंब्यांतले आटे पार गेलेले, म्हणजे नुसते आवळून भागण्यासारखें नव्हतें. तुंबाच बदलणें प्राप्त होतें. आणि तो तुंबा दांड्यावर असा कांहीं रुतून बसला होता, कीं नट काढून, दोन्हीं गुडघे चक्रामागें लावून ओढलें तरी केंसभर हलेना. एके ठिकाणीं जीवघेणा ढिलेपणा, आणि तेथून दोन बोटांवर हा हट्ट! तरुणानें हातोडा आणला. सुदैवानें त्याच वेळीं बोलावलेले मिस्त्री येऊन पोहोंचले.

“हातोडा ठेवून द्या जी,” ते म्हणाले, “आणि नट आधीं परत लावा, चार आटे धरतील इतका. ओढतांना चक्र एकदम सुटलें असतें, तर पुढचे दांत गेले असते.”

हातोड्याविषयींची त्यांची भीति व्यर्थ नव्हती. पूर्वीच्या गाड्यांत हा दांडा सरळ भाल्यासारखा असे, आणि समोरून टक्कर झाली कीं तो चालकाच्या छातीवर येई. अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें 1967 सालच्या गाड्यांपासून, आघात होतांच स्वतः दबून आंत जाणारा दांडा सर्रास बसविण्यास आरंभ केला, आणि पुढें तसे दांडे जगभर रूढ झाले. दबण्याची ही सोय कित्येक गाड्यांत प्लॅस्टिकच्या लहान खुंट्यांवर अवलंबून असते. वरून घाव घातले तर त्या खुंट्या तुटतात. दांडा बाहेरून धड दिसतो, गाडीहि चालते; परंतु अपघाताच्या क्षणासाठीं जें राखून ठेवलेलें असतें, तें दुरुस्तीच्या नांवाखालीं अगोदरच खर्चून गेलेलें असतें. चक्राच्या मागून घातलेल्या घावानें हाच दांडा वरच्या अंगास ओढला जातो. तेव्हां दांड्याच्या दिशेनें घाव घालूंच नये. मग तो वरून असो वा खालून.

आतां तुंबा रुततो कां, तें पाहूं. ॲल्युमिनियम आणि पोलाद हे दोन धातु एकमेकांस टेकलेले असून मध्यें ओलावा शिरला, म्हणजे तेथें विजेच्या घटासारखी क्रिया चालू होते आणि ॲल्युमिनियम झिजूं लागतें. त्याचा जो पांढरा भुरा गंज होतो, तो मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापतो. दांत्यांच्या फटींत त्यास जागा नसते. म्हणून तो दोहोंना करकचून आवळतो. वैनगंगेच्या खोऱ्यांतला पावसाळा आणि न चढणारी कांच, एवढें साहित्य त्यास पुरेसें होतें.

मिस्त्रींनीं प्रथम बॅटरीची ऋण तार सोडविली. ही गाडी जुनी असल्यानें तिच्यांत हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, मुळांतच नव्हती. परंतु भारतांत 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत निदान चालकापुढें ती सक्तीची झाली आहे, आणि ती चक्राच्या पोटांतच असते. अशी गाडी असेल तर बॅटरी सोडल्यावरहि गाडीच्या पुस्तकांत सांगितला असेल तितका वेळ थांबल्यावांचून चक्रास हात लावूं नये. शिकलेल्या माणसाकडूनच तें काम करवावें हें बरें. अशा गाडीचें चक्र काढून त्या जागीं शोभेचें चक्र बसविणें म्हणजे ती पिशवीच फेकून देणें होय. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणें निर्मात्यानें ठरविलेल्या घडणींत वाटेल तसा फेरफार करतां येत नाहीं, ही गोष्ट शोभेचीं चक्रें विकणारा दुकानदार सहसा सांगत नाहीं.

पुढचीं चाकें सरळ करून मिस्त्रींनीं दांड्यावर व तुंब्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली. नंतर सहा बोल्ट काढून चक्र तुंब्यावरून उतरविलें, दांत्यांच्या फटींत गंज सोडविणारें पातळ तेल थेंबथेंब सोडलें, आणि ते चहा घेऊन निघून गेले. तरुणास ही दिरंगाई वाटली. पण तेलास फटींतून उतरावयास वेळ लागतो, आणि या कामीं रात्रीइतका स्वस्त मदतनीस दुसरा नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं तेल स्वच्छ पुसून काढलें, कारण पुढें उष्णतेचें काम होतें. भंडाऱ्याची ख्याति पितळेच्या भांड्यांसाठीं. मिस्त्रींच्या पेटींतहि पितळेचा एक जाड तुकडा होता. तो दांड्याच्या टोकावर ठेवून त्यावर त्यांनीं पुलरचा मधला स्क्रू टेकविला आणि पुलरचे दोन आंकडे तुंब्याच्या कडेमागें अडकविले. पितळ मऊ, म्हणून दाबाखालीं तें स्वतः दबतें आणि दांड्याचे आटे वांचवितें. नट चार आट्यांवर होताच. स्क्रू ताणला जाईपर्यंत आवळून ते थांबले. तुंब्याच्या सहा भोंकांचे आटे शाबूत असते, तर सहाही बोल्टांनीं पोलादी पट्टी जखडून तिच्यावरून ओढतां आलें असतें. एक-दोन बोल्टांवर तो भार टाकणें मात्र केव्हांहि वाईट.

मग गरम हवा फेंकणारें विजेचें यंत्र त्यांनीं तुंब्याभोंवतीं फिरविलें. उघडी ज्योत येथें चालत नाहीं. खालीं तारा, प्लॅस्टिक व धारवा असतात. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतें. 20 मिलिमीटर व्यासाचें भोंक 80 अंशांनीं तापलें, तर सुमारें 0.037 मिलिमीटरनें मोठें होतें. म्हणजे साधारण अर्ध्या केंसाइतकें. दांडा थंड असेल तर तेवढें पुरतें. स्क्रू आणखी पाव फेरा आवळला, आणि तुंब्याच्या बाजूवर, दांड्याशीं काटकोनांत, लहान हातोडीनें हलकेच टिचकी मारली. कांहीं झालें नाहीं. पुन्हां उष्णता, पुन्हां पाव फेरा. तिसऱ्या खेपेस टक् असा आवाज झाला, आणि तुंबा उसळून नटाला टेकला.

तो तिसऱ्या खेपेसहि न सुटता, तर मिस्त्री त्यास करवतीनें उभा चिरणार होते. दांत्यांच्या अलीकडे करवत थांबवावयाची आणि चीर छिन्नीनें उकलावयाची. तुंबा गेला तर थोडक्या पैशांत दुसरा मिळतो, दांडा तसा मिळत नाहीं. वाईटच करावयाचें तर तें स्वस्त वस्तूचें करावें, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मूळचें चक्र पूर्वीच्या मालकाच्या घरीं धानाच्या कोठीमागें धूळ खात पडलें होतें. दांते पितळी तारांच्या ब्रशानें घांसून कोरडे केले, रेघ पाहून चक्र सरळ बसविलें, नवा नट पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळला. गांवाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंस वळवून पाहिल्यावर मिस्त्रींनीं नटावर आणि दांड्यावर मिळून लाल रंगाचा एक ठिपका दिला, आणि आठ दिवसांनीं तो तुटला आहे काय तें पाहण्यास सांगितलें. आठव्या दिवशीं तरुणानें झांकण काढून पाहिलें. ठिपका अखंड होता. त्याच दुपारीं तो आईस घेऊन भंडाऱ्यास गेला.