‘इन्स्टॉल मार की!’

मी नांदेडला, प्रोजेक्ट पार्टनर लातूरला. डेमोच्या आदल्या रात्री गिट पुल केलं आणि ॲप सुरूच होईना. एरर काय, तर मॉड्यूल सापडत नाही! फोन लावला, तर पठ्ठ्या म्हणतो, “नवीन पॅकेज टाकलोय की रे, इन्स्टॉल मार की!” सांगायचंच विसरला होता. हॉटस्पॉटवर सगळं उतरेपर्यंत रात्रीचा एक वाजला.

तेव्हापासून हे काम आम्ही आठवणीवर सोडत नाही. गिटमध्ये ‘पोस्ट-मर्ज’ हुक असतो. पुल करताना मर्ज झालं की तो आपोआप चालतो. त्यात लिहिलं: पॅकेज-लॉक फाइल बदलली असेल, तरच ‘एनपीएम सीआय’ चालव. ही कमांड लॉकमध्ये आहे तेच व्हर्जन बसवते. म्हणजे नांदेड-लातूर, दोन्हीकडे सेम! हुक रेपोसोबत आपोआप जात नाही, त्यासाठी हस्की वापरा.

एक मात्र लक्षात ठेवा. इन्स्टॉल होताना पॅकेजमधली स्क्रिप्टही चालू शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘शाय-हुलुद’ वर्म एनपीएमवर असाच पसरला. म्हणून आमचा नियम: नवीन पॅकेज दोघांनी बघितल्याशिवाय मर्ज नाही.

चला, भेटू पुढच्या भागात!