उन्हातली फेरी कोणाच्या जबाबदारीवर?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत हुणसूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, शिवकाल आणि नाट्यसंगीत असे विषय झाले, तिच्यात माल पोहोचविणाऱ्या चालकांना होणारा उन्हाचा त्रास हा विषय मी घेतला, याचे काहींना नवल वाटले. ‘विषय थोडा रुक्ष होणार नाही ना?’ असे कार्यवाहांनी सौजन्याने विचारलेही. विषय रुक्ष आहे खरा. परंतु या सभागृहातील निम्म्या मंडळींचा त्याच्याशी रोजचा संबंध आहे. कोणाचे दुकान आहे, कोणाची गलाईची भट्टी आहे, कोणाचे दोन टेंपो भाड्याने धावतात; आणि ज्यांचे यांपैकी काहीच नाही त्यांच्या दारी गॅसची टाकी, पाण्याचा कॅन आणि पार्सल तरी येतेच. म्हणजे आपण सारेच या प्रश्नात कोठे ना कोठे उभे आहोत, आणि बहुधा सावलीच्या बाजूला.

‘हुणसुरात कसले आले ऊन?’ असे आपल्यातील विदर्भाकडील मंडळी हसून म्हणतील. गाव सुमारे आठशे मीटर उंचीवर, शेजारी लक्ष्मणतीर्थ नदी, पलीकडे नागरहोळेचे जंगल. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यापुढे आमचे ऊन म्हणजे पोरखेळच. पण विदर्भाचा माणूस उन्हाला भितो, आणि ते भिणे त्याच्या हिताचे असते. तिकडे ऊन मी म्हणू लागले की बाजारपेठ दुपारी ओस पडते, डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही, घरोघरी पन्हे तयार असते. आमच्याकडे भीती नाही, म्हणून व्यवस्थाही नाही. त्यात हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात पारा ४० अंशांना पोहोचल्याखेरीज उष्णतेची लाट धरली जात नाही, आणि हुणसुरात तो तेथवर क्वचितच जातो. तेव्हा येथे सरकारी इशाऱ्याची वाट पाहणारा मालक बहुतेक वर्षे वाटच पाहील.

ऊन मात्र व्याख्या वाचून बाधत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने चौदा माणसे गेली. जवळच्या केंद्रावरचे तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. ती माणसे ओझी वाहत नव्हती, नुसती बसली होती. मग भरलेली गॅसची टाकी, म्हणजे सुमारे तीस किलो वजन, खांद्यावर घेऊन तीन जिने चढणाऱ्याचे काय होत असेल?

शरीराचे गणित साधे आहे. आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्यासाठी शरीर घाम गाळते. घाम वाळला तर अंग थंड होते; हवा दमट असली की तो वाळत नाही, नुसता ओघळतो. त्यातच श्रम करणारा स्नायू स्वतः भट्टीसारखी उष्णता निर्माण करीत असतो. छोट्या टेंपोत इंजिन बहुधा आसनाखालीच असते. काचेतून ऊन, खालून इंजिन, आणि प्रत्येक थांब्याला चढ-उतार. आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेले आणि माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, की तो उष्माघात. अशा वेळी घाम थांबलेलाच असेल असे नाही. कष्ट करताना कोसळलेला माणूस घामाने निथळत असतानाही उष्माघाताचा रुग्ण असू शकतो.

आपल्या तालुक्यात एक गोष्ट मला नेहमी विचार करावयास लावते. तंबाखू वाळविण्याच्या बार्नमध्ये प्रत्येक शेतकरी तापमापक टांगतो. पान पिवळे होईपर्यंत ३५ ते ४० अंश, पुढे हळूहळू चढवीत देठ वाळताना ७० च्या आसपास. दोन-चार अंशांची चूक झाली तर पान काळवंडते आणि लिलावात भाव पडतो, म्हणून घरचा माणूस रात्र-रात्र जागतो. पानाला इतके जपणारे आपण, तेच पान लिलावकेंद्रावर नेणाऱ्या चालकाच्या केबिनमध्ये किती अंश आहेत हे कधी पाहिले आहे काय?

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न काढला की मालक म्हणतो, ‘आम्ही त्याला पाणी पी म्हणून सांगतो, तोच ऐकत नाही.’ आणि चालक म्हणतो, ‘थांबलो तर फेरी बुडते.’ गेल्या उन्हाळ्यात आमच्या दारात पाण्याचे कॅन घेऊन आलेला एक तरुण पायरीवर बसला होता. खांद्यावरून दिवसभर वीस-वीस लिटर पाणी वाहणाऱ्या त्या मुलाचे ओठ मात्र कोरडे होते. पाणी पुढे केले तर तो संकोचला. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘सर, पाणी प्यायलो की वाटेत लघवीला जायचे कुठे? गिऱ्हाईक आत येऊ देत नाहीत.’ ‘पाणी प्या’ हा उपदेश किती फुकाचा असतो, हे मला त्या दिवशी कळले. पाणी पिणे हे कामगाराचे कर्तव्य खरे. पण मोरीची सोय नसलेल्या फेरीवर ते त्याने पाळावे कसे?

म्हणून माझे मत असे, की ही जबाबदारी निम्मी-निम्मी वाटता येत नाही. तिला क्रम आहे. आधी मालकाने काळ, सावली, पाणी आणि थांबण्याची मुभा द्यावयाची. त्यानंतरच कामगाराचे कर्तव्य सुरू होते. विसावा मागून घ्यावा लागला तर तो विसावा राहत नाही, उपकार होतो.

हा विचार मराठी माणसाला नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुटीबरोबरच दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली, ती सर्वांना आठवते. दुपारचा अर्धा तास कोणी फारसा आठवत नाही. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात गार पाण्याची सोय सक्तीची केली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या असून त्यांत कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर, आणि स्वतःच्या व इतरांच्या जिवाची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य कामगारावर घातलेले आहे.

परंतु फोनवरून आलेली मागणी दुचाकीवरून पोहोचविणारा मुलगा नोकर म्हणून गणला जात नाही. त्याला कंपन्या ‘भागीदार’ म्हणतात. ही भागीदारी उन्हाची असते, नफ्याची नव्हे. त्याच्यासाठी कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. प्रत्येक फेरीच्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याणशुल्क कंपनीकडून घेण्याची तरतूद त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. मात्र कल्याणनिधी हा दुखणे आल्यानंतर उपयोगी पडतो, दुपारी दोन वाजता नव्हे. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला परिपत्रकाची ताकद जशी ठाऊक असते, तशी त्याची पोहोचही ठाऊक असते.

मोठ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ते २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरील वाहनांना. आमचे छोटे टेंपो आणि तीनचाकी त्याखाली राहिले. अमेरिकेत यूपीएस या कंपनीच्या पार्सल-चालकांना २०२३ च्या करारात नव्या गाड्यांसाठी वातानुकूलन मिळवावे लागले. तेही संघटनेच्या जोरावर. कुवेतने अलीकडच्या उन्हाळ्यांत भर दुपारी दुचाकीवरून माल पोहोचविण्यास बंदी घातली. आपल्यातील ज्यांची मुले आखातात आहेत त्यांना हे ठाऊक असेलच.

मालकांसाठी एकच गोष्ट ठासून सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. सर्वांत जास्त धोका नव्या मुलाला असतो. उन्हाची सवय लागण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, आणि उघड्यावर काम करताना उष्म्याने होणारे मृत्यू बहुतांशी पहिल्या काही दिवसांतच होतात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेची शिफारस अशी, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातले पंचमांश काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवीत न्यावे. आपण नेमके उलटे करतो. नवा आला की त्याची परीक्षा घेण्यासाठी सर्वांत लांबची फेरी त्यालाच देतो. महिनाभर गावी राहून परतलेला जुना माणूसही या बाबतीत काही अंशी नवाच असतो.

कामगाराचे कर्तव्यही मी लपविणार नाही. उपाशीपोटी निघू नये. आदल्या रात्री दारू घेऊन सकाळी गाडीवर बसू नये. तहान लागण्याची वाट न पाहता वीस-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. चहा त्याची जागा घेत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, तेव्हा डॉक्टरला आपले काम काय ते सांगावे. आणि चक्कर आली तर ती लपवू नये. ‘नाजूक आहे’ असे कोणी म्हणेल या लाजेने माणसे गप्प बसतात आणि चालत्या गाडीवर कोसळतात. मुंबईच्या डबेवाल्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी शिस्तीचा भाग मानली, कोणी मालक सांगत नसताना. ती शिस्त उचलण्यासारखी आहे.

कोणी कोसळलाच तर १०८ ला फोन करावा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत हात बांधून उभे राहू नये. सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालावा, मान आणि काखेत बर्फ ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. गलाईच्या भट्टीपाशी बसणाऱ्या आपल्या बांधवांनाही हे तितकेच लागू आहे.

राहिलो आपण गिऱ्हाईक. दुपारी बारा ते चार या वेळात ज्याच्यावाचून अडणार नाही ते मागवू नये. टाकी आणि कॅन सकाळी किंवा संध्याकाळी घ्यावेत. दारी आलेल्याला पाणी विचारावे आणि गरज असेल तर मोरी दाखवावी. यास कोणताही कायदा लागत नाही.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्या वाचनालयाचा ओटा फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी कुलूपबंद असतो. तो बारा ते चार उघडा ठेवावा. तेथे दोन माठ, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे, एक बाक आणि भिंतीवर एक तापमापक असावा. मागील बाजूच्या स्वच्छतागृहाची किल्लीही तेथेच टांगावी, आणि कानडीत व मराठीत तशी पाटी लावावी. तापमापक मी देतो. माठ भरण्याची पाळी कोणत्या वारी कोणाची हे कार्यवाहांनी सभा संपताच ठरवावे. नावे लिहून घेण्यासाठी वही दाराशी ठेवली आहे.